तुटलेल्या तंतूचं टोक कसं वाचायचं: चिलखती कापडावरच्या आघाताचा कॉलेजच्या प्रयोगशाळेत अभ्यास

पहिल्या वर्षी आमच्या गटानं एका तुटलेल्या तंतूचा फोटो मोठा करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला होता. टोक सपाट, जरासं तिरपं, विळीवर काकडी चिरावी तसं. खाली ऐटीत लिहिलं होतं, 'आघातानं कातरलेला तंतू'. गटातल्या एका मुलाचे काका इचलकरंजीचे मागवाले. पोराला डबा द्यायला आले, फोटोसमोर थांबले आणि म्हणाले, "कात्रीला धार बरी आहे तुमच्या." आठ दिवस आम्ही जे पाहून खूश होतो, ते भोकाजवळून नमुना कापताना आमच्याच कात्रीनं केलेलं काम होतं.

हा लेख त्या फोटोमुळे लिहितोय. कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात टेक्स्टाइल, मेकॅनिकल किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना बुलेटप्रूफ जॅकेटच्या तंतूंवर प्रोजेक्ट करायचा असतो आणि पहिला प्रश्न येतो, "सर, गोळी कुठून आणायची?" गोळी लागत नाही. लागतं ते तुटलेलं टोक वाचायला शिकणं, आणि त्यासाठी सगळ्यात आधी आपण स्वतः काय तोडलं हे ओळखता येणं.

गोळीऐवजी पडतं वजन

बंदूक, छर्ऱ्याची बंदूक, घरी जुळवलेली हवेच्या दाबाची नळी, हे सगळं डोक्यातून काढून टाका. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि तो नसता तरी कॉलेजच्या खोलीत हे करायचं नसतं. जॅकेटची खरी चाचणी भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या आयएस १७०५१ प्रमाणे, परवानगी असलेल्या बंदिस्त रेंजवर होते. चंदीगडची टीबीआरएल आणि कानपूरची डीएमएसआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा या क्षेत्रात काम करतात. गोळी लागलेलं कापड पाहायचंच असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र अशा संस्थेला पाठवा आणि चाचणी झालेला तुकडा मिळतो का ते विचारा.

आपल्याला पुरतो तो ड्रॉप टॉवर: उंचावरून सोडलेलं वजन. पण तो नेमकं काय दाखवतो आणि काय नाही, हे पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकाल.

२ किलोचं वजन १.५ मीटरवरून सोडलं की ऊर्जा सुमारे २९ जूल आणि वेग सेकंदाला ५.४ मीटर. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी ३९८ मीटर वेगानं आली तर ऊर्जा होते ६३० जूलच्या पुढे. इथे बहुतेक जण ऊर्जेची तुलना करून थांबतात. खरी गंमत वेगात आहे.

सुतावर टोला बसला की ताणाची लाट सुतातून दोन्ही बाजूंना धावते. तिचा वेग म्हणजे ताठपणा भागिले घनता, त्याचं वर्गमूळ. केव्हलार २९ साठी (जॅकेटात वापरतात तो अॅरामिड जातीचा तंतू) ७० गिगापास्कल आणि घन सेंटिमीटरला १.४४ ग्रॅम धरा; सेकंदाला जवळजवळ ७ किलोमीटर येतात. कापड ज्यात आवळून धरतो त्या आपल्या चौकटीचं भोक ७५ मिलिमीटरचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ३७.५ मिलिमीटर. लाट तिथे साडेपाच मायक्रोसेकंदांच्या आत पोचते. तेवढ्या वेळात आपलं वजन खाली सरकतं मिलिमीटरच्या तीन शतांश भागाइतकं, आणि ४०० मीटर वेगाची गोळी २ मिलिमीटरांहून जास्त. पडत्या वजनाच्या वेळी सगळ्या सुताला निरोप मिळालेला असतो आणि ते अखंड लांबीनं भार उचलतं. गोळीच्या वेळी फक्त जवळचा भाग जागा होतो, तो मध्याकडे खेचला जातो, मागून सावकाश येणाऱ्या आडव्या लाटेनं कापडाचा पिरॅमिडसारखा उंचवटा उठतो. वेग फारच जास्त असेल तर लाट लांब जाण्याआधीच सूत टोल्याच्या जागी तुटतं.

म्हणून ड्रॉप टॉवरवरून 'हे कापड गोळी अडवेल' असं वाक्य लिहायचं नाही. तंतू कोणकोणत्या प्रकारे मोडतो, कापडाची वीण सरकते की सूत तुटतं, स्ट्रायकरचा, म्हणजे वजनाच्या कापडावर आदळणाऱ्या टोकाचा, आकार बदलला की काय बदलतं, हे मात्र तो चोख दाखवतो. सुरीच्या वारापासून वाचवणाऱ्या जॅकेटची अधिकृत चाचणीही पडत्या वजनानंच होते. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या मानकात त्यासाठी २४, ३३ आणि ४३ जूल अशा पायऱ्या आहेत. आपण त्याच पट्ट्यात आहोत, तेव्हा लाजायचं कारण नाही.

माल

अॅरामिड कापड कंपोझिटचं सामान विकणाऱ्यांकडे मुंबई-पुण्यात मिळतं. साधी वीण, अखंड तंतूंचं सूत, एवढंच सांगा. हात बसेपर्यंत सरावाला महाग कापड वापरू नका. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीजवळ घालतात ते पिवळे हातमोजे अॅरामिडचेच असतात. त्यातलं सूत तुकड्यातंतूंचं, बहुतेकदा मिश्रणाचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पकडायचा सराव करायला ठीक, मोजमापाला नाही. दुसरा महत्त्वाचा तंतू म्हणजे अतिदीर्घ साखळीचं पॉलिइथिलीन, बाजारात डायनिमा किंवा स्पेक्ट्रा नावानं ओळखलं जाणारं. ते गळाच्या वेणीदार दोरीत मिळतं. रंकाळ्यावर किंवा पंचगंगेवर गळ टाकून बसणाऱ्या कुणालाही विचारा, दुकान सांगेल.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाका (नाहीतर अडकलेल्या हवेनं सगळंच तरंगतं) आणि सुताचा छोटा तुकडा बुडवून सोडा. पॉलिइथिलीनची घनता ०.९७, ते वर येतं. अॅरामिड तळाला जातं. मग चिमट्यात धरून खिडकीपाशी ज्योतीजवळ न्या. पॉलिइथिलीन वितळून मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो. अॅरामिड वितळत नाही, काळं पडून कोळसा होतो.

डेनियर स्वतः तपासा. ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, म्हणजेच १००० डेनियरचं ९ मीटर सूत भरायला हवं १ ग्रॅम. कॉलेजचा काटा बिघडला असेल तर गुजरीतला सराफ मिलिग्रॅमपर्यंत तोलून देतो, फक्त गिऱ्हाइकांच्या वेळेत जाऊ नका. कापडातून उसवलेलं सूत नागमोडी असतं. सरळ ताणून मोजा, नाहीतर लांबी कमी भरते आणि डेनियर फुगतं.

हवा आणि ऊन

आपल्याकडे हा भाग टाळता येत नाही. जुलैत भिंतीला ओल येते आणि एप्रिलमध्ये ओठ फुटतात. त्याच कापडाचे त्या दोन महिन्यांतले आकडे एका तक्त्यात मांडणं चूक आहे. केव्हलार २९ हवेतली ओल वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत धरतं. वस्त्रचाचणीसाठी आपल्या उष्ण देशात २७ अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रता धरतात. तशी खोली नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात मिठाचं दाट, न विरघळलेलं मीठ खाली उरेल असं पाणी ठेवा आणि वर जाळीवर कापड. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकते, पाऊस असो की उन्हाळा. ६५ नव्हे, पण वर्षभर तेच, आणि आपल्याला तेच हवंय. निदान २४ तास ठेवा.

उन्हात वाळत घालू नका, खिडकीतही नको. अतिनील किरणांनी अॅरामिड कमजोर होतं. हे किती महागात पडू शकतं याचं उदाहरण झायलॉन नावाच्या तंतूचं आहे. कागदावर तो केव्हलारपेक्षा पुष्कळ बलवान. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाचं झायलॉनचं जॅकेट गोळीनं भेदलं, तपासात ओल आणि उजेडानं तंतू क्षीण होतो हे पुढे आलं, आणि २००५ मध्ये अमेरिकेत अशा जॅकेटांची मान्यता काढून घेतली गेली.

टोला मारण्याआधी: ओळखीच्या टोकांचा संच

घाईत असाल तर बाकी काहीही गाळा, हे गाळू नका. आपण स्वतः, ठरवून, एकेका प्रकारे तंतू मोडायचा आणि प्रत्येकाची स्लाइड करायची. पुढे अनोळखी टोक दिसलं की याच संचाशी ताडून पाहायचं.

ओढून तोडलेलं. सूत गुळगुळीत लोखंडी दांड्याला दोन्हीकडे पाच-सहा वेढे देऊन बांधा. गाठ मारली तर सूत गाठीतच तुटतं. सामान तोलायचा ५० किलोचा हातकाटा जोडून सावकाश ताण द्या. १००० डेनियरचं चांगलं सूत २०-२५ किलोच्या आसपास जाईल. गॉगल घाला, कारण तुटलेलं टोक चाबकासारखं मागे येतं. टोक पाहाल तर तंतू लांबीच्या दिशेनं चिरत गेलेला, केरसुणीसारखा पिंजलेला, चीर जाडीच्या कितीतरी पट लांब. अॅरामिडची साखळी लांबीच्या दिशेनं मजबूत आणि शेजारच्या साखळीशी बांधणी कमजोर, म्हणून ते आडवं तुटण्याऐवजी उभं फाटतं.

कापलेलं. साधी कात्री, नवं ब्लेड, बोथट ब्लेड: तीन वेगळ्या स्लाइड. ब्लेडचं टोक आखूड आणि जवळजवळ सपाट, कात्रीचं दोन्ही बाजूंनी चिमटलेलं. आमचा भिंतीवरचा फोटो ब्लेडसारखा दिसत होता, कारण कात्री नुकतीच धार लावून आणलेली. काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

मुडपलेलं. सुताचा घट्ट फास करून आतली बाजू दाबा. अॅरामिड ताणाला वाघ आणि दाबाला मेंढरू. आतल्या बाजूला तिरप्या रेघा उठतात, त्यांना किंक बँड म्हणतात. तंतू तुटलेला नसतो, तरी जखमी असतो. घडी घालून ट्रंकेत ठेवलेल्या कापडातही या रेघा सापडतात, म्हणून माल गुंडाळून ठेवा, घडी घालू नका.

चेचलेलं. दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये सूत ठेवून हातोडीचा एक टोला. तंतू चपटे होतात, शेजाऱ्याचा आडवा वळ अंगावर उमटतो.

घासलेलं. कडेवरून शंभर वेळा मागेपुढे ओढा. सालपटं निघतात, टोक निमुळतं होत जातं.

तापलेलं, फक्त पॉलिइथिलीनसाठी. ते १४५ ते १५० अंशांच्या आसपास वितळतं. टोकाला गोळी येते, आगपेटीच्या काडीसारखी. ताणून तोडलेल्या पॉलिइथिलीनलाही झटक्यानं मागे येताना टोकाशी फुगवटा येऊ शकतो, म्हणून 'गोळी दिसली म्हणजे आघातानं वितळलं' अशी उडी मारू नका. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून बघा.

चौकट आणि टॉवर

उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे जा. १० मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, मधोमध ७५ मिलिमीटरचं भोक, कडा गोलावलेली, भोवती आठ बोल्ट. कडा टोकदार राहिली तर कापड तिथेच कापलं जातं आणि तुम्ही चौकटीचा अभ्यास करत बसता. पकडीसाठी दोन्ही बाजूंना पॉलिश पेपर चिकटवा. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं सारखे आवळा.

स्ट्रायकर तीन करून घ्या: अर्धगोल टोक, सपाट टोक, शंकू. अर्धगोलासाठी १२ मिलिमीटरच्या जवळपासचा व्यास चालेल. कडा फारच धारदार ठेवू नका. तो वेगळा प्रयोग होईल.

वजन पीव्हीसी पाइपातून सोडा. पाइपाला जागोजाग भोकं पाडा, नाहीतर खाली हवा दाबली जाऊन वजन मंदावतं. भोकं पाडूनही सूत्रातला वेग मिळत नाही, म्हणून खालचा अर्धा फूट पाइप उभा कापून तिथे पट्टी लावा आणि मोबाइलच्या स्लो मोशननं २४० फ्रेमवर चित्रित करा. ५.४ मीटर वेगाला एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत वजन सव्वादोन सेंटिमीटर सरकेल. वहीत मोजलेला वेग लिहा, सूत्रातला नाही.

वजन सोडायची खीळ दोरीनं लांबून ओढायची. समोर पॉलिकार्बोनेटची पाटी, डोळ्यांना गॉगल, आणि खीळ लागलेली असली तरी वजनाखाली हात नाही.

मारा

कापडाचे १५ सेंटिमीटरचे चौकोन, सुताच्या ओळीत. बारीक पेननं दर सेंटिमीटरला उभ्या-आडव्या रेघा आणि चौकटीच्या आतल्या कडेवर एक गोल. मारा झाल्यावर गोल आत सरकलेला दिसला तर कापड पकडीतून निसटलंय, तो नमुना बाद. रेघांचा वाकडेपणा मोजला की सूत किती ओढलं गेलं ते कळतं.

एकाच थरापासून सुरुवात करा. पाच सेंटिमीटरच्या पायरीनं चढ-उतार करा: भेदलं तर पुढच्या नमुन्याला उंची एक पायरी कमी, नाही भेदलं तर एक पायरी जास्त. १५-२० नमुन्यांत उंची एका पट्ट्यात घुटमळायला लागते. तिथे भेदण्याची शक्यता निम्मी. गोळीच्या चाचणीत व्ही-५० (ज्या वेगाला भेदण्याची शक्यता निम्मी असते तो वेग) म्हणतात त्याचंच हे गरीब भावंड.

वजन उसळून दुसऱ्यांदा पडतं. हा दुसरा टोला आमच्या लक्षात आला तो चित्रफीत पाहिल्यावर, तोवर एक अख्खी मालिका वाया गेलेली. पहिल्या उसळीबरोबर खाली फळी सरकवायला एक माणूस ठेवा.

जॅकेटच्या चाचणीत कापडामागे चिकणमाती असते आणि तिच्यातला खळगा मोजतात; एनआयजेची मर्यादा ४४ मिलिमीटर. आपल्याला हे करायचं असेल तर कुंभार गल्लीतली शाडू आणू नका, ती वाळते आणि तासागणिक बदलते. शिल्पकलेच्या मुलांकडची तेलातली क्ले आणा आणि रोज आधी तपासा. मानकात सुमारे १ किलोचा ६३.५ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोळा २ मीटरवरून टाकतात, खळगा १९ मिलिमीटर, दोन इकडे-तिकडे, यायला हवा.

नमुना काढणं

चौकट उघडण्याआधी फोटो: वरून, खालून, आणि टॉर्च आडवी धरून. मग ज्या सुतांवर थेट टोला बसला त्यांना क्रमांक द्या, उभ्यांना उ-१, उ-२, आडव्यांना आ-१, आ-२. शेजारच्यांनाही द्या, तुलना त्यांच्याशीच होणार आहे.

आता कात्री उचलायची नाही. भोकापासून २ सेंटिमीटर लांब, चहूबाजूंनी पातळ केलेल्या फेविकॉलचा पट्टा द्या आणि रात्रभर वाळू द्या. कापायचं ते या पट्ट्याच्या बाहेरून. पट्ट्यामुळे तंतू जागेवर राहतात, आणि जे टोक गोंदाजवळ आहे ते कात्रीचं, जे भोकाकडे आहे ते टोल्याचं, यात पुन्हा गोंधळ होत नाही. सूत गोंदाच्या बाजूनं चिमट्यात धरून उचला. स्लाइडवर फक्त शेपूट चिकटवा, टोक मोकळं ठेवा, ग्लिसरीनचा थेंब आणि वर काचपट्टी.

वाचन

तंतू साधारण १२ मायक्रॉनचा, केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. १०० पटीवर नकाशा, ४०० पटीवर वाचन. मोडक्या एलसीडी मॉनिटरचं ध्रुवण पटल काढून दोन तुकडे एकमेकांना काटकोनात, एक दिव्यावर, एक वर ठेवा. पार्श्वभूमी काळी होते, अॅरामिड रंगीत झळकतं आणि किंक बँड, जे साध्या उजेडात निसटतात, ठळक दिसतात. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा या सगळ्या प्रयोगात दुसरा नाही.

आता प्रश्न क्रमानं विचारा. सूत तुटलंय का? अनेकदा तुटलेलंच नसतं. स्ट्रायकरनं सुतं बाजूला सारून खिडकी केलेली असते आणि भोक दिसतं. विशेषतः शंकूनं. अशा वेळी कापड हरलंय, तंतू नाही. तुटलं असेल तर टोक पिंजलेलं की आखूड? पिंजलेलं म्हणजे तंतूनं ताण पूर्ण खाल्ला. सपाट स्ट्रायकरच्या कडेखालची टोकं आखूड येतात, तिथे ताणाबरोबर कातर आहे. टोकापासून मागे पाच मिलिमीटर बघा: चेचलेले वळ आहेत का, किंक बँड आहेत का? उसळून मागे आलेल्या तंतूत किंक बँड टोकापासून दूरही असतात. आणि शेजारची न तुटलेली सुतं बघायला विसरू नका. ज्या सुतावर टोला बसलाच नाही त्यातही सालपटं दिसली तर ते घर्षण आहे, आणि सुतासुतामधलं घर्षण ऊर्जा खाण्याचा मोठा वाटा उचलतं.

१००० डेनियरच्या एका सुतात दीड डेनियरचे ६६६ च्या आसपास तंतू असतात. त्यातली तीन सुंदर टोकं निवडून फोटो छापणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून संसार सांगणं. स्लाइडवर आडवी रेघ धरा, तिला भेटणारी पहिली ५० टोकं ओळीनं मोजा, आवडो न आवडो. 'कळत नाही' असा रकाना ठेवा आणि तो रिकामा राहिला तर संशय घ्या. मोजणाऱ्याला स्लाइड कुठल्या स्ट्रायकरची हे माहीत नसावं. क्रमांकावर चिठ्ठी दुसऱ्यानं चिकटवावी. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे फारच वेगळे आले तर भांडण करा, ते भांडण वहीत लिहा, आणि व्याख्या घट्ट करून पुन्हा मोजा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

हे शेवटी. विद्यापीठात किंवा इचलकरंजीच्या टेक्स्टाइल संस्थेत चौकशी करा, वेळ आधी घ्या आणि सहापेक्षा जास्त नमुने नेऊ नका. सोन्याचा पातळ थर, व्होल्टेज २ ते ५ किलोव्होल्ट. ऑपरेटर सवयीनं २० लावतात, नम्रपणे सांगा. पॉलिमरवर भार साठून चित्र पांढरं फटफटीत होतं, आणि पॉलिइथिलीन तर किरणाखाली डोळ्यांदेखत वळवळतं. मग तेच वितळलेलं टोक आघाताचं म्हणून अहवालात जातं. जास्त पटीवर जाण्याआधी कमी पटीचा एक फोटो घ्या, परतताना तीच जागा पुन्हा घ्या. दोन्हीत फरक पडला असेल तर तो किरणाचा प्रताप.

आणि ब्लेडनं कापलेली एक स्लाइड त्या सहांत असू द्या, क्रमांक कुणाला न सांगता. आमच्याकडे आता दरवर्षी एखादं पोरगं तिलाच 'आघातानं कातरलेला' म्हणतं.